आमच्या घरचा गुरुवार

मुकुंदाने मांडणीवरची ताटं खाली उतरवली, फरशीवर त्यांची चळत लावली आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "ताई, एकट्या माणसाला एवढी ताटं लागतात कशाला?"

मुकुंदा माझा धाकटा भाऊ. पुण्याहून मला न्यायला आला होता. शुक्रवारी सकाळच्या गाडीची दोन तिकिटं काढूनच आला होता, एक त्याचं, एक माझं. आई गेल्यापासून दर फोनला तो एकच विचारायचा, "तिथे आता तुझं आहे कोण?" मी विषय बदलायचे. या वेळी विषय बदलायला जागाच ठेवली नाही त्याने. कलकत्त्यातला, डमडमचा हा दोन खोल्यांचा फ्लॅट बंद करायचा, भांडीकुंडी देऊन टाकायची आणि कोथरूडला त्याच्याकडे पूर्वेच्या खिडकीची खोली माझी. खोली छान आहे, मी पाहिली आहे. भाऊ वाईट नाही, भावजय तर त्याच्याहून बरी. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं बिचारीला कोणीतरी छळायला आलंय. मला बिचारी म्हणवून घ्यायची अजिबात हौस नाही.

मी चळतीवरचं एक ताट उचललं. जड, रुंद काठाचं, एका बाजूला पोचा आलेलं. मागे आईचं नाव घातलेलं. हे ताट कधी पाहुण्यांच्या भांड्यांत गेलं नाही आणि रोजच्या वापरातही आलं नाही. हे गुरुवारचं.

वार लावून जेवणं ही आपल्याकडची जुनी रीत. गावाहून शिकायला आलेली मुलं सोमवारी एका घरी जेवायची, मंगळवारी दुसऱ्या. पुण्यातून ती रीत केव्हाच गेली. कलकत्त्यात मात्र आमच्या मराठी मंडळींनी ती पुन्हा सुरू केली, तीही गरीब विद्यार्थ्यांसाठी नव्हे, बदली होऊन आलेल्या सड्याफटिंग साहेबांसाठी. कोणी बँकेतला, कोणी सरकारी कचेरीतला. बेहाल्याला नाहीतर बराकपूरला एखादी खोली मिळायची, मेसमधलं मोहरीचं तेल पोटाला मानवायचं नाही आणि महिन्याभरात चेहरे उतरायचे. मग गणपतीत सगळ्या काकू आरतीनंतर सतरंजीवर बसून वार वाटून घ्यायच्या. पुढे त्या मुलांची नावंच मागे पडायची. "आमच्या मंगळवारला कावीळ झाली हो." "शनिवारची रांचीला बदली झाली." आम्हा मुलांना त्यात काही विचित्र वाटायचं नाही. वार घरी येतात आणि आमटीभात जेवून जातात, एवढंच आम्हाला ठाऊक.

गुरुवार आमच्याकडे आला तो कोणाला नको होता म्हणून. निम्म्या घरांत दत्ताचा उपास. आमच्याही घरी होताच, पण आई म्हणाली, "उपास माझा आहे, त्या पोराचा नाही." दिवसभर पोटात साबुदाण्याची खिचडी आणि ताक एवढ्यावर ती संध्याकाळी दुसऱ्यासाठी पुरणाएवढा घाट घालायची. बाबा कचेरीतून आले की स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून नुसता वास घ्यायचे.

त्या वासाबद्दल मला सांगायलाच हवं. खालच्या मजल्यावर शेफाली काकीमा राहायच्या. बंगाल्यांच्या घरी गुरुवार लक्ष्मीचा. सकाळीच त्यांचा उंबरा धुतला जायचा, तांदळाच्या पिठाने त्यावर इवलीइवली पावलं उमटायची. दिवेलागणीला त्या धुनोची, राळेच्या धुपाची, वाटी घेऊन घरभर फिरायच्या आणि तो धूर जिन्याने वर चढायचा. वरून आमच्या हिंगाची फोडणी खाली उतरायची. जिन्याच्या वळणावर दोघांची गाठ पडायची. मग शंख वाजायचा, तीनदा, शेवटचा जरा फुटका, कारण काकीमांचा दम तोवर संपलेला असायचा. आई पुण्याहून आलेल्या कोणाच्यातरी सामानातून मिळालेल्या गोड्या मसाल्याचा डबा उघडायची, चिमूट घालून घाईने झाकण लावायची. तो मसाला आम्ही केशरासारखा जपायचो. आजही कुठे हिंग आणि धुनो एकत्र आले की मी विशीतली होते.

आणि मग जिन्यावर त्याच्या चपला वाजायच्या.

त्याचं नाव मी सांगत नाही. आमचा गुरुवार एवढं पुरे. तो बेहाल्याला राहायचा. तिथून डमडम म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन बस बदलून, घामाघूम. दोन दोन पायऱ्या चढत यायचा आणि वळणावर थांबायचा. तिथे तो केस विंचरत असे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पण आत आल्यावर भांग ओला असायचा, आणि मी पाटपाणी मांडताना त्या थांबण्याकडेच कान लावून बसलेली असायचे. तो आधी कोशिंबीर संपवायचा, मग भाजी आणि आमटीभात शेवटी, अगदी हळू. आई विचारायची, "अरे, आवडली नाही का आमटी?" तो म्हणायचा, "संपेल ना हो लवकर." आई पदराने तोंड झाकून हसायची.

जेवणं झाली की त्याला बसपर्यंत पोचवायला मी आणि मुकुंदा जायचो. मुकुंदाला कोपऱ्यावर कॅरम दिसायचा आणि तो तिथेच रेंगाळायचा. मग आम्ही दोघं, कदंबाच्या झाडाखाली, मातीच्या भांड्यातून चहा. चहा संपला तरी भांडं हातात गरम राहायचं, आणि ओल्या मातीचा वास ओठांना. बस यायची. तो म्हणायचा, "गर्दी आहे, पुढची बघू." पुढची जवळजवळ रिकामी यायची. तिलाही तो गर्दीच म्हणायचा. कंडक्टर दारावर थाप मारत ओरडायचा, आम्ही दोघं मुकाट त्या रिकाम्या बसकडे बघत राहायचो. प्रेम म्हणजे काय असं कोणी मला विचारलं तर मी त्या रिकाम्या बसचं सांगते.

असे किती ऋतू गेले. थंडीत नोलेन गुडाच्या, खजुराच्या नव्या गुळाच्या, घागरी आल्या की आई संक्रांतीच्या वड्या त्याच गुळाच्या करायची, तिळाला खजुराचा वास. उन्हाळ्यात वीज गेली की तो एका हाताने जेवायचा आणि दुसऱ्या हाताने बाबांना पंख्याने वारा घालायचा. ताडगोळे घेऊन यायचा, त्यातला सगळ्यात कोवळा माझ्या वाटीत. घरात सगळ्यांना कळलं होतं.

मग बदली झाली. आमच्या मंडळींत बदली म्हणजे ऋतूच होता, तो आला की कोणीतरी जायचंच. हावड्याला पोचवायला सगळे वार आले होते. गाडी सुटायच्या आधी तो मला म्हणाला, "घरी बोलतो. दुर्गापूजेच्या आत येतो. थांबशील ना?" मी म्हटलं, "थांबते."

शिउलीची, आपल्या पारिजातकाची, फुलं अंगणात पडायला लागली. देवीच्या मंडपात ढाक वाजले. देवी आली, देवी गेली. तो आला नाही.

का आला नाही ते मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही त्याला तरी बोल लावाल, नाहीतर मला, आणि दोघांनाही ते लागू नाही. त्याच्या लग्नाची बातमी पुढच्या वर्षी नाशिकहून बदलून आलेल्या एका कुटुंबाने आणली. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. आमच्याच घरी, आमच्याच पाटावर बसून त्या बाई म्हणाल्या, "अहो, तुमच्याकडे जेवायला यायचा ना तो? मोठ्या थाटात झालं हो लग्न. मुलगी गोड आहे." आईच्या हातात तुपाची वाटी होती. तिने त्यांच्या भातावर आणखी एक चमचा तूप घातलं आणि म्हणाली, "वा, छान झालं." मी पाणी आणायला म्हणून आत गेले ती आतच राहिले. खूप रडले. ते लपवत नाही, त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

तो गेल्यावरही मी दर गुरुवारी त्याचं ताट मांडत होते; त्या बातमीनंतरच्या गुरुवारी मांडलं नाही. आईने पाहिलं. स्वतः उठली, ते जड ताट काढलं, पुसलं, पाट मांडला, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला.

मी म्हटलं, "आता कोणासाठी?"

"गुरुवार त्याचा नव्हता," आई म्हणाली. "गुरुवार आपला होता. तो नुसता जेवायला यायचा."

मला तेव्हा तिचा भयंकर राग आला होता. पण त्या संध्याकाळी काकीमांचा शंख झाला आणि ती खाली जाऊन त्यांनाच वर घेऊन आली. त्यांचे यजमान, आमचे काका, त्याच वर्षी गेले होते. काकीमांचं एकटीचं जेवण म्हणजे चुरमुरे आणि चहा. त्या ताटासमोर त्या अंग चोरून बसल्या. आमटीचा पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "ओ मा, ए तो आमादेर डाल! आमचीच डाळ ही! यातही गूळ घालता तुम्ही?" आणि जेवता जेवता काकांबद्दल बोलायला लागल्या, ज्यांच्याबद्दल त्या महिनोन्‌महिने कोणाशी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी मी त्यांना भात वाढत राहिले. माझ्या दुःखाला हात देणारं दुसरं काही नव्हतं.

तेव्हापासून आमचा गुरुवार कधी रिकामा गेला नाही. मंडळींतले वार हळूहळू संपले. नवी पोरं मोबाईलवर जेवण मागवतात, त्यांना कोणाच्या घरी पाटावर बसायचं म्हणजे संकट वाटतं. आमच्याकडे मात्र कोणी ना कोणी येत राहिलं. एकदा डमडम स्टेशनात मी बराकपूरच्या एका कॉलेजातल्या मुलीला रडताना पाहिलं. लाइनवर काहीतरी होऊन गाड्या बंद पडल्या होत्या आणि तिचा जीव घाबरा झाला होता. मी तिला घरी आणलं, जेवू घातलं. संध्याकाळी तिचे बाबा न्यायला आले ते एक भलाथोरला इलिश वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊनच. उपकार कसे फेडायचे याबद्दल बंगाली माणसाच्या मनात शंका नसते. दत्ताच्या उपासाच्या दिवशी आईने तो मासा दोन्ही हातांनी अदबीने घेतला. ते गेल्यावर आम्ही तो काकीमांकडे नेला, तर त्यांनीही नवरा गेल्यापासून मासा सोडलेला. दोघी म्हाताऱ्या त्या माशाकडे बघत जिन्यात उभ्या होत्या आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी समोरच्या बिऱ्हाडात त्या रात्री मेजवानी झाली.

लोक माझ्याबद्दल म्हणतात, हिचं राहूनच गेलं. हळदीकुंकवाला कुजबुजत म्हणतात, आणि त्यांना वाटतं मला ऐकू येत नाही. जसं काही मी दूध गॅसवर ठेवून विसरले. काही राहून गेलेलं नाही. स्थळं आली होती, मी नाही म्हटलं, कारण मला ती नको होती. मी वाट बघत होते. हो, बघत होते, आणि वाट बघण्यात माझं आयुष्य फुकट गेलं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा यावं आणि माझ्या घरी जेवावं. वाट बघणाऱ्या बाईचं घर झाडलेलं असतं. तिच्या दाराची कडी दिवसा लागत नाही. ती भाताला एक मूठ तांदूळ नेहमी जास्त धुते. त्या मूठभर तांदळावर या शहरातली किती माणसं जेवली असतील, आणि त्यातल्या कोणीही मला, तुझं राहून गेलं का, असं विचारलेलं नाही.

मी ते ताट हातात घेऊन अजून तशीच उभी होते, तेवढ्यात बेल वाजली. मुकुंदाने दार उघडलं. गुरुवारच होता तो, आणि दारात घोषालबाबू उभे होते, हातात कागदात गुंडाळलेले रजनीगंधेचे चार दांडे.

घोषालबाबू पलीकडच्या गल्लीत राहतात. शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात मेट्रोच्या पायऱ्यांवर मला चक्कर आली तेव्हा माझी पिशवी धरली ती यांनी. मला पायरीवर बसवलं, घडी केलेल्या पेपरने वारा घातला, शहाळं मागवलं. आजूबाजूच्या सगळ्यांनी विचारलं, एकट्या कशाला निघालात, बरोबर कोणी नाही का, वय काय. यांनी एवढंच विचारलं, "घरी कोणी वाट बघत असेल ना?" मी म्हटलं, "नाही. वाट मी बघते." ते हसले नाहीत, त्यांना ते अगदी सरळ उत्तर वाटलं. म्हणून मी त्यांना गुरुवारी जेवायला बोलावलं.

ते आत आले आणि खोक्यांमध्ये उभे राहिले. भिंतीवरच्या तसबिरी उतरवलेल्या, पुस्तकांना सुतळ्या बांधलेल्या. मुकुंदाने घसा साफ करून हिंदीत सांगितलं, "दीदी को पूना ले जा रहा हूँ. कल सुबह की गाड़ी है." ते म्हणाले, "भालो, भालो. खूप चांगलं." आणि रजनीगंधा ठेवायला फुलदाणी शोधू लागले. फुलदाणी खोक्यात गेली होती. मग त्यांनी फुलं पाण्याच्या तांब्यातच ठेवली.

मी हातातलं ते पोचा आलेलं ताट पुसलं आणि वाढायला घेतलं. तिघं जेवलो. त्यांनी आमटी तीनदा घेतली, नेहमीसारखी. हात धुऊन, चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता त्यांनी बंगालीत विचारलं, "ताहोले शामनेर बृहस्पतिबार बोंधो?" म्हणजे पुढचा गुरुवार बंद का?

"ना," मी म्हटलं. "खोला."

उघडा आहे म्हणाले मी. माझ्या तोंडून ते इतकं सहज आलं की मला स्वतःलाही थांबवता आलं नसतं. त्यांनी मान डोलावली आणि जिना उतरून गेले. सावकाश, कठड्याला धरून.

मुकुंदा खोक्यावर बसून राहिला होता. बंगाली तो विसरला असं त्याची मुलं म्हणतात, पण तो काही विसरलेला नाही.

"ताई, अजून त्याचीच वाट बघतेस का गं?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता, भीती होती.

"कोणाची? बेहाल्याच्या त्याची? तो आजोबा झाला असेल एव्हाना. सुखात असू दे."

"मग हे काय चाललंय? कशासाठी राहतेस इथे?"

"वाट बघायला."

"या वयात?"

"मग कोणत्या वयात बघू? विशीत बघितली तेव्हा सगळे म्हणाले, थांब, वय आहे अजून. चाळिशीत म्हणाले, आता कशाला. मला एकदा तरी कोणी सांगेल का की बरोबर वय कोणतं ते? मला प्रेम हवंय, मुकुंदा. अजून हवंय. मिळालं तर आनंदाने घेईन, नाही मिळालं तर हवंसं वाटत राहील. पण मला ते हवं आहे म्हणून तुझ्या पूर्वेच्या खिडकीत मला झाकून ठेवू नकोस. तिथे सगळे माझी काळजी घेतील, आणि माझ्याकडे कोणी येणार नाही, मीही कोणाची वाट बघणार नाही. मी तिथे मरायला येईन हवं तर. जगायला नाही."

एवढं मी आयुष्यात कधी एका दमात बोलले नव्हते. मुकुंदा उठला, फरशीवरची ताटं उचलली आणि एकेक करून पुन्हा मांडणीवर लावायला लागला. आई ज्या क्रमाने लावायची त्याच क्रमाने.

शुक्रवारी सकाळी त्याला पोचवायला मी हावड्याला गेले. टॅक्सीतून पूल ओलांडताना तो नदीकडे बघत होता, मी त्याच्याकडे. त्याच्या कानशिलांवर पांढरे केस आलेत हे मला त्या उजेडात पहिल्यांदा दिसलं. प्लॅटफॉर्मवर हमालांची आरडाओरड, रेल्वेच्या चहाचा वास, कोणाच्या तरी टोपलीतून सांडलेली लिची. मी त्याला दशम्या दिल्या आणि म्हटलं, "माझ्या बर्थवर कोणी बसायला आलं तर बसू दे, उठवू नकोस."

गाडीने शिट्टी दिली. तो दारात उभा राहिला, लहानपणी राहायचा तसा, दांडी धरून.

"सगळे विचारतील, ताई का नाही आली. काय सांगू?"

"सांग, वाट बघतेय."

"कोणाची, म्हणून विचारलं तर?"

गाडी हलली. मी तिच्याबरोबर चार पावलं चालत गेले.

"म्हणावं, ठरलं की कळवते."